काळी दोन

दुर्बीण खुंटीवरच लटकत होती. फुलांची परडी घेऊन देवघराकडे निघालेल्या गोदावरीबाई जागच्या जागी थबकल्या. एका बाजूला कीर्तनाचं उपरणं, दुसऱ्या बाजूला छत्री आणि मधे ती काळी, जाडजूड दुर्बीण, जुईलीनं बाबांच्या निवृत्तीला हौसेनं दिलेली. गोपाळकृष्णबुवा तर उजाडायच्या आत काटेपूर्णाच्या अभयारण्यात गेले होते, पक्षी बघायला. विसरले असतील, असं म्हणून त्यांनी पूजा उरकली. चष्मा विसरणारा, पाकीट विसरणारा, एकदा तर भर उत्सवाला निघताना झांजा घरी ठेवून गेलेला हा माणूस. त्यानं दुर्बीण विसरावी ह्यात नवल ते काय? नवल घडलं ते संध्याकाळी. परत आल्यावर बुवांनी ऊन पाण्याच्या बादलीत पाय सोडले आणि म्हणाले, "चक्रवाक होते गोदे, जोडीनं. नराच्या गळ्यात काळं कडं असतं बघ, दोऱ्यासारखं बारीक. तेसुद्धा स्पष्ट दिसलं." गोदावरीबाईंनी पाण्यात बोटं घालून ऊन किती ते पाहिलं. कशानं दिसलं, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर येऊन बसला आणि तिथंच बसून राहिला. तेवढ्यात अकोल्याहून जुईलीचा फोन आला. "आई, बाबा अकोल्यावरून गेले आणि घरी नाही आले? रविवार म्हणून मी पुरण शिजवून ठेवलं होतं."

"मंडळाची गाडी असते बाई. सगळ्यांना थांबवून कसं येणार?"

"मग एक फोन? आणि मी केला तर बंद. हे काय चाललंय ग त्यांचं?" जुईली वकील आहे, तिला उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता आधी ऐकू येते. गोदावरीबाईंनी घाईनं कुकरची शिटी झाली म्हणून सांगितलं. कुकर अजून लावलाही नव्हता.

तसं पाहिलं तर बुवांच्या ह्या नव्या नादात वावगं काही नव्हतं. शाळेत संस्कृत शिकवलं, संध्याकाळी नारदाच्या गादीवर उभं राहून कीर्तन केलं, असं आयुष्य गेलं. आख्यानात दंडकारण्य उभं करताना बुवा अशी झाडं डोलवत की समोरच्या बायका पदर सावरून बसत; पण खरं रान त्यांनी पाहिलं नव्हतं. मग 'रानवाट' नावाच्या मंडळात नाव घातलं. आधी वडाळीचं बांबूचं उद्यान, मग छत्री तलाव, मग पोहऱ्याचं जंगल, मालखेड, आता काटेपूर्णा. पायाला माती लावून घरी येत, चेहरा उन्हानं रापलेला, आणि पळसाला कळी धरली म्हणून लहान मुलासारखं सांगत. गोदावरीबाईंना ते गोडच वाटायचं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या होत्या, "मीही येते की," तर बुवा म्हणाले, "तुझे गुडघे, गोदे." दुसऱ्यांदा म्हणाल्या तर नुसतंच, "तू नको." लग्न झाल्यापासून बुवा कुठं गेले आणि त्या मागे राहिल्या असं घडलंच नव्हतं. जाणार कसे? पेटीवर त्याच असायच्या. दर्यापूर असो, मूर्तिजापूर असो, गुरुकुंजाच्या वाटेवरचं एखादं खेडं असो, बुवा उभे, मागे डाव्या हाताला गोदावरीबाई पेटी घेऊन, उजव्या हाताला गोवर्धन तबल्यावर. लोक त्यांना गोदावरीबाई म्हणतच नसत. "पेटीवाल्या काकू" म्हणत. त्यांना ते आवडायचं.

म्हणून 'तू नको' ह्या दोन शब्दांनी जो चटका बसला तो बायकोला बसला की पेटीला, हे त्यांचं त्यांनाच कळेना. त्या मंडळात आरती नावाची बाई आहे, हे त्यांना ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त झालेली संगीत शिक्षिका, मोकळी, हसरी, पँट घालून हिंडणारी. ह्या वयात तसला संशय? छे. त्यांनी स्वतःलाच हसून घेतलं. पण दुपारी आडवं पडल्यावर तो संशय वेश बदलून यायचा. त्यात आरतीचं तोंड दिसायचं नाही, तिची बोटं दिसायची. रुंद, सरावाची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सहज पळणारी. बुवांना दुसरी पेटी हवी असेल तर? आणि मग ह्या विचाराच्या तळाशी जे होतं ते वर यायला लागलं, की त्या उठून बसत आणि विनाकारण तांदूळ निवडायला घेत.

तळाशी होतं ते असं. बुवांची पट्टी काळी दोन. म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, तिथून गाणं सुरू व्हायचं. पुरुषमाणसाला चांगलीच चढी, पण बुवांचा गळाच तसा होता, बाणासारखा. एके वर्षी चैत्राच्या उत्सवात वरच्या षड्जाला तो बाण वाकला. लोकांना कळलं नाही. गोदावरीबाईंना मागून मानेची शीर दिसली, फुगलेली, निळी, थरथरणारी. दुसऱ्या दिवशी पेटी उघडताना त्यांचं बोट आपणहून एक पट्टी डावीकडे, खालच्या सुराकडे सरकलं. पांढरी दोन. गोवर्धननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, हातोडी घेतली आणि मुकाट्यानं तबला उतरवला. बुवांनी डोळे मिटून तोच सूर घेतला, आणि त्या दिवशी असे गायले की कुणीतरी रडलं. पुढं काळी एक झाली. पुढं पांढरी एक. विजेवरची तंबोऱ्याची पेटी लावायच्या त्याच, तबला लावायचा गोवर्धन, बुवा फक्त सूर घ्यायचे. बुवा शाळेत गेले की त्या पेटीवर जाड सतरंजी टाकून आवाज दाबत आणि बोटांना नव्या पट्टीची वाट शिकवत. त्यात फसवणूक आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी आपण पाट थोडा उंच ठेवतो, तसंच ते.

पण बुवांनी त्याचं काय केलं! एका एकादशीला, पूर्वरंग ऐन रंगात आलेला, बुवा उपरणं खांद्यावर टाकून म्हणाले, "मंडळी, विशीत काळी दोनमध्ये गात होतो, आज साठी आली, आजही काळी दोन. हा गळा माझा असता तर केव्हाच गेला असता. ज्याचा आहे तो सांभाळतो आहे." सभेत एकदम शांतता झाली, आणि मग टाळी पडली नाही, हात जोडले गेले. गोदावरीबाईंची बोटं पट्ट्यांवर गार पडली. आता काय करायचं? मधेच उठून सांगायचं? घरी जाऊन सांगायचं? घरी बुवा देवासमोर बराच वेळ डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मोडायचं धाडस त्यांना झालं नाही. पुढच्या कीर्तनात ते वाक्य पुन्हा आलं. मग दर कीर्तनात. त्यामागून पेटीची एक छोटी लकेर द्यायची, अशी रीतच पडून गेली. अंबादेवीबाहेर हार विकणारी बेबीताई आपल्या अडखळत बोलणाऱ्या नातीला घेऊन आली. "महाराज, तुमच्या गळ्याले देवाचा हात हाय, ह्या पोरीच्या गळ्याले तुमचा हात लागू द्या." बुवांनी त्या पोरीच्या गळ्यावर हात ठेवला. गोदावरीबाईंनी तेव्हा पेटीचा भाता बांधण्यात स्वतःला इतकं गुंतवून घेतलं, की कडी बोटात घुसून रक्त आलं. देवाच्या दारात, देवाच्या नावावर, त्यांनी एक खोटं ठेवलं होतं, आणि लोक त्यालाच नमस्कार करत होते.

आणि आता ही गेली एकादशी. पूर्वरंग तसाच रंगला. ते वाक्य यायच्या जागी बुवा थांबले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि सरळ पुढच्या विषयावर गेले. गोदावरीबाईंच्या बोटांनी मात्र सवयीनं लकेर दिली, न बोललेल्या वाक्यामागची लकेर. गोवर्धननं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बुवांनी पाहिलं नाही. विसरले, असं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं. विसरले! दुर्बीण विसरले, जुईलीला विसरले, ते वाक्य विसरले. एक माणूस एकाएकी इतकं कसं विसरतो? त्यातच राम मंदिराच्या विश्वस्तांचा फोन आला, चैत्राच्या नवरात्राचं काय ठरलं म्हणून. "बुवा कळवतो म्हणाले काकू. दरवर्षी आम्ही विचारतही नाही, म्हणून म्हटलं, काही अडचण?" गोदावरीबाई म्हणाल्या, अडचण कसली? आणि रिसीव्हर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण गेले कित्येक दिवस नवऱ्याच्या चेहऱ्याकडे चोरट्यासारखं पाहतो आहोत. तो चहाचा कप उचलतो ते पाहतो, पान उलटतो ते पाहतो. कळलंय का ह्याला? कळलं असेल तर बोलत का नाही? आणि कळलं नसेल तर दर रविवारी रानात जाऊन हा करतो काय?

सेमाडोहच्या जंगलाची सहल ठरली तेव्हा त्यांनी आपली पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली. बुवांनी पिशवीकडे पाहिलं. "घाट आहे, गोदे. रस्ता वळणाचा."

"वळणं तुम्हालाही आहेतच की."

"तुला उलट्या होतात."

"लिंबू घेतलंय." बुवांनी तिची पिशवी उचलली. मग म्हणाले, "बरं. पुढच्या सीटवर बस." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. नुसतं 'बरं' होतं, आणि ते 'बरं' परतवाड्यापर्यंत त्यांच्या कानात राहिलं.

गाडी किसनरावांची, जुनी क्रूझर. किसनराव मंडळाला नेहमी ने-आण करत, घरी फुलशेती होती म्हणून गाडीच्या काचेशी कायम झेंडूचा ताजा हार. मागे बुवा, आरती आणि बाकीची मंडळी. घाट लागला, साग सगळा पानं झडून उभा, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा. किसनराव गियर टाकत म्हणाले, "काकू, एक इचारू का? रागावसान त नाही?"

"विचारा की."

"सारे जन पाखरं पाहाले जातेत. अन् आमचे महाराज पान्याच्या काठी जाऊन गाऊन राह्यते! त्या म्याडम मोबाईलवर तंबोरा लावून देतेत. मंग महाराज वर चढते, चढते, अन् मधातच थांबते. मंग पुन्हा पयल्यापासून. मी गाडीत बसून ऐकतो ना. माह्या जुन्या फटफटीचं असंच होये चढावर."

गोदावरीबाईंनी हातातलं लिंबू दाबलं. "कधीपासून चाललंय हे?"

"वडाळीपासून म्हना ना. तिथं पयल्यांदा म्याडमनं इचारलं, काका, प्रार्थना म्हना, पट्टी कोनती लावू? महाराज म्हने, आपली काळी दोन. लावली. आता लागली नाही त लागली नाही, त्यात का हाय? पन महाराज म्हने, तुमचा मोबाईल बिघडला." किसनराव मोठ्यानं हसले. "काटेपूर्नाले म्याडमनं दुसरा मोबाईल आनला होता, मायबाप!"

समोरच्या आरशात बुवांचा अर्धा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. झोपले होते की ऐकत होते? इंजिनचा घरघराट होता, पण हा माणूस सभेतल्या शेवटच्या रांगेत कुणी कुजबुजलं तरी ओळखणारा. वळण आलं, आरसा हलला, आणि बुवांच्या जागी आरतीचा खांदा दिसू लागला. म्हणजे कळलंय. वडाळीपासून कळलंय. म्हणजे त्या एकादशीला, माझ्या उतरवलेल्या सुरावर उभं राहून गाताना ह्याला माहीत होतं, की पेटी खोटं बोलते आहे. त्यानं पदं म्हटली, आख्यान केलं, देवाची आरती झाल्यावर माझ्याच हातून बुक्का लावून घेतला, घरी येऊन माझ्या हातचं दूध प्यायला. आणि बोलला नाही. त्यांना आधी भीती वाटली, मग त्या भीतीच्या आतून हळूच राग आला. आपण चूक केली हे खरं, पण असं आठवडेच्या आठवडे पाळत ठेवून राहायचं? न्यायाधीशासारखं? नवरात्राचं 'कळवतो' हा त्याचाच भाग का? की माझ्या जागी ती रुंद बोटं बसवायची आणि मग मला सांगायचं, आता तू आराम कर? लिंबाची साल फुटून बोटांना वास लागला होता. उलटी मात्र झाली नाही.

दुपारी जिप्सीतून रानात फिरणं झालं. वाटाड्या दबक्या आवाजात बोलत होता. कुठंतरी वानर खाकरलं तसा तो हात वर करून थांबला. "वाघ फिरून राहिला वाटते. आपल्याले दिसत नाही, पन त्याले आपन दिसून राहिलो." सगळे श्वास रोखून झाडीत बघू लागले. आरतीनं आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून सहज बुवांकडे दिली, बुवांनी सहज घेतली. चक्रवाकाचं काळं कडं कशातून दिसलं त्याचा उलगडा गोदावरीबाईंना तिथंच झाला आणि त्यानं काडीचं समाधान मिळालं नाही. त्यांनी झाडीत पाहिलंच नाही. त्या बुवांकडे पाहत होत्या, आणि बुवा दुर्बिणीतून पलीकडे. वाळलेलं गवत हलायचं, थांबायचं. ह्या एवढ्या मोठ्या रानात जो तो कुणावर तरी डोळा ठेवून गप्प बसलेला आहे, असं त्यांना वाटू लागलं, आणि घरातही आपण तेच करत होतो.

दिवस मावळला तशी मंडळी निवासाच्या अंगणात गोल बसली. पलीकडे सिपना नदीचं पाणी अजून थोडं चमकत होतं. चहा झाला. किसनराव म्हणाले, "महाराज, रानात आलो, एखादं पद होऊ द्या ना." सगळ्यांनी उचलून धरलं. आरतीनं खिशातून मोबाईल काढला. "काका, तंबोरा लावू?"

"नको," बुवा म्हणाले. "आज घरचं माणूस आहे." आणि मान वळवून, सगळ्यांच्या देखत, "गोदे, सूर दे."

पेटी नव्हती. मांडीवर हात नुसते पडलेले. तोंडानं सूर द्यायचा, एवढंच, पण कोणता? पांढरी एक दिली, तर रोजची चोरी ह्या माणसाच्या डोळ्यांसमोर पुन्हा एकदा करायची. काळी दोन द्यावी, तर तो गळा कुठं फाटतो ते किसनरावांनासुद्धा पाठ झालेलं. इतक्या लोकांत, माझ्या हातानं? हा माझी परीक्षा घेतो आहे की हात मागतो आहे? त्यांनी बुवांच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं, तो सूर घ्यायला थांबलेल्या माणसाचा चेहरा होता, नेहमीचा. गोदावरीबाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी ती जागा सापडेल की नाही असं वाटलं होतं, पण ती जिथल्या तिथं होती. त्यांनी काळी दोन दिली. त्यांचा आवाज कापरा, बारीक, तरी सूर नेमका होता. बुवांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि पद सुरू केलं. पहिलं चरण उभं राहिलं. दुसऱ्याला मानेची शीर फुगली. अंतऱ्यात वरच्या षड्जाकडे जाताना आवाज सरळ मधोमध चिरला, सुकं लाकूड चिरतं तसा, आणि थांबला.

मग किसनराव कळवळून म्हणाले, "थंडी हाय महाराज. होते असं."

"थंडी नाही किसनराव, वय आहे," बुवा म्हणाले. गादीवरून बोलावं तसं, स्वच्छ. "विशीतली पट्टी ही. आता ह्या गळ्याला झेपत नाही. गोदे, आता तुझा दे. रोजचा."

रोजचा. गोदावरीबाईंना वाटलं, हा शब्द आपल्या कानशिलावर बसला. पण तो मऊ बसला होता. त्यांनी सूर खाली आणला, पांढरी एक, आणि धरून ठेवला. बुवा त्यावर अलगद उतरले आणि सगळं पद म्हणून गेले, शेवटच्या चरणापर्यंत. कुणीतरी मधेच हात जोडले. आरती डोळे मिटून मान हलवत होती, आणि तिची बोटं, गोदावरीबाईंनी पाहिलं, तिच्या गुडघ्यावर गप्प पडलेली होती.

पिठलं-भाकरी आली म्हणून मंडळी आत गेली. कठड्यापाशी दोघंच राहिली. बुवा उपरणं झटकून घडी घालू लागले. "राम मंदिरात फोन कर. नवरात्र करतो म्हणून सांग. पांढरी एक. पण नमनाच्या आधी मंडळींना सगळं सांगायचं, मी सांगीन. तू पेटीवर बस."

"आणि बेबीताईची नात?"

"तिच्याकडे आपण दोघांनी जायचं. गादीवरून नाही, तिच्या घरी."

गोदावरीबाईंच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी उगाच पदर नीट केला आणि बोलायचं म्हणून विचारलं, "वडाळीला कळलं ना तुम्हाला?"

"वडाळीला खात्री झाली," बुवा म्हणाले.

खात्री. गोदावरीबाईंनी पदराचं टोक तसंच धरून ठेवलं. "आणि संशय कधीपासून होता?"

बुवांनी उपरण्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "चल. पिठलं निवतंय," म्हणाले आणि चालू लागले. गोदावरीबाई उठल्या नाहीत. त्यांना एकामागून एक कीर्तनं आठवत गेली. दर्यापूर, मूर्तिजापूर, राम मंदिर. दर ठिकाणी ते वाक्य, आजही काळी दोन, आणि ते म्हणताना बुवांची नजर सभेवर, खांबांवर, समईवर, देवावर. पेटीकडे एकदाही नाही. विश्वासाचा माणूस मागे वळून बघत नाही, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली.

बुवा थांबले. पण वळले नाहीत.